विमानात फोन चालू राहिला तर नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे: नागपूरहून मुंबईला येताना शेजारच्या गृहस्थांनी शेवटपर्यंत फ्लाइट मोड लावला नाही. क्रूनं दोनदा सांगितलं, ते "हो हो" म्हणाले आणि फोन खिशात टाकला. घाटकोपरवर आल्याबरोबर त्यांच्या खिशात मेसेजची टुंग-टुंग सुरू झाली. विमान अगदी अलगद उतरलं. मग फ्लाइट मोड हा नुसता सोपस्कार आहे की खरंच यंत्रं बिघडतात? आणि जाता जाता, आईचं श्रवणयंत्र ब्लूटूथचं आहे, तेही बंद करायला हवं का?

श्रवणयंत्राचं शेवटी सांगतो. ते सोपं आहे.

मी एव्हिऑनिक्सवाला, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं सांभाळणारा. इंजिनं, चाकं, पंख हे दुसऱ्यांचं खातं. विमानात जिथे जिथे वायर जाते तिथे आम्ही. सांताक्रूझ-कलिन्याच्या हँगरमध्ये आणि बाहेर पार्किंग बेवर मिळून ३१ वर्षं काढली, आधी रेडिओच्या लायसन्सवर, नंतर बी-टू या त्याच कामाच्या लायसन्सवर. त्यामुळे हे उत्तर कॉकपिटमधून नाही, छताचं पॅनेल उघडून आत मान घातलेल्या माणसाकडून आहे असं समजा.

तुमच्या शेजाऱ्यांच्या फोननं विमान पडणार नव्हतं. हे आधीच म्हणून टाकतो, कारण "फोन चालू ठेवाल तर विमान कोसळेल" असं घाबरवणाऱ्यांनीच या नियमाची अब्रू घालवली आहे. लोक करून बघतात, काही होत नाही, आणि मग क्रूच्या प्रत्येक सूचनेकडे कानाडोळा करायला लागतात. पण एका फोननं विमान पडत नाही म्हणजे फोन चालू ठेवायला हरकत नाही, असं होत नाही. का, ते समजायला विमान काय काय ऐकत असतं ते बघावं लागेल.

मोठ्या प्रवासी विमानाला वीस-पंचवीस कान, म्हणजे अँटेना, असतात. पोटाखाली, पाठीवर, नाकात, शेपटात. वैमानिक टॉवरशी बोलतो ते ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये. त्याच्या लगेच खाली, १०८ ते ११७.९५ मध्ये, दिशा दाखवणारा व्हीओआर आणि धावपट्टीची मधली रेषा दाखवणारा लोकलायझर. उतरण्याचा कोन सांगणारा ग्लाइडस्लोप ३३० च्या आसपास. अंतर सांगणारा डीएमई आणि रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपाँडर १००० च्या आगेमागे, जीपीएस १५७५.४२, आणि जमिनीपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर ४२०० ते ४४००. तुमचा फोन ९००, १८००, २३०० असल्या घरांत राहतो, वायफाय आणि ब्लूटूथ २४०० च्या घरात. कागदावर कुणाची कुणाशी गाठ पडत नाही.

पण रेडिओचं जग कागदासारखं नीटनेटकं नसतं. ज्यांनी मीडियम वेव्हवर अस्मिता वाहिनी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ट्यूबलाइट लावली की खरखर, मिक्सर लावला की बातम्या गेल्या, आणि हल्ली लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्वस्तातला चार्जर खोचला की अख्खं स्टेशन गायब. चार्जरला मीडियम वेव्हवर काही बोलायचं नसतं. आतली स्विचिंगची खटखट बाहेर सांडते, एवढंच. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वतःच्या पट्ट्याबाहेर थोडीफार अशी सांडत असते. चांगल्या कंपनीची कमी, फुटपाथवरची जास्त, आणि दोनदा पडून उघडून पुन्हा चिकटवलेली किती, ते देव जाणे.

(मीडियम वेव्हवरून आठवलं. विमानातला जुना एडीएफ, म्हणजे स्टेशन कुठल्या दिशेला आहे ते सुईनं दाखवणारा रिसीव्हर, याच पट्ट्यात चालतो, म्हणून तो आकाशवाणीच्या मालाडच्या ट्रान्समीटरवरही लावता यायचा. सुई मालाडकडे वळायची आणि हेडफोनमध्ये भावगीत. रात्रपाळीत एडीएफ तपासायला आमच्यात स्पर्धा असायची.)

पहिली ठिणगी मोबाइलमुळे पडलीच नव्हती, साध्या एफएम ट्रान्झिस्टरमुळे पडली होती. एफएम रिसीव्हर नुसता ऐकतो, बोलत नाही, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीच्या रिसीव्हरमध्ये एक छोटा ऑसिलेटर असतो आणि तो ऐकायच्या स्टेशनपेक्षा बरोबर १०.७ मेगाहर्ट्झ वर चालतो. आता मुंबईतलीच बेरीज करा. मिर्ची ९८.३ वर लावलं की आतला ऑसिलेटर १०९.० वर. आकाशवाणीचं रेनबो १०७.१ वर लावलं की ११७.८ वर. दोन्ही आकडे थेट १०८ ते ११७.९५ च्या पट्ट्यात, म्हणजे विमानाच्या व्हीओआर-लोकलायझरच्या अंगणात. खिडकीशी बसलेला प्रवासी गाणी ऐकतोय आणि त्याचा ट्रान्झिस्टर नकळत विमानाच्या कानाशी कुजबुजतोय. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे लक्षात आलं आणि १९६३ मध्ये आरटीसीए या संस्थेनं त्यावर पहिला अहवाल दिला. विमानातल्या उपकरणबंदीचं मूळ हे, तेव्हा मोबाइल जन्मालाही यायचा होता. आजच्या फोनमधल्या चिप वेगळ्या पद्धतीनं चालतात, त्यामुळे ही १०.७ ची बेरीज त्यांना लागू नाही, पण गंमत म्हणून सांगितली. शाळेतल्या मुलालाही पटते.

आता लोकलायझर काय करतो ते बघा, कारण तुमचं विमान त्याच्याच बोटाला धरून उतरलं असणार. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला त्याचा अँटेना असतो. तो एकाच लहरीवर दोन सूर पाठवतो, ९० हर्ट्झचा आणि १५० हर्ट्झचा. उतरणाऱ्या विमानाच्या डाव्या अंगाला ९० चा सूर जड, उजव्या अंगाला १५० चा. दोन्ही सारखे ऐकू आले की सुई मधोमध. ग्लाइडस्लोपचंही तसंच, फक्त डाव्या-उजव्याऐवजी वर-खाली. म्हणजे ढगात असलेलं विमान धावपट्टी बघत नसतं, दोन सुरांचं वजन तोलत असतं. या तराजूत बाहेरचा आवाज पडला तर साधारणपणे दोन गोष्टी होतात. आवाज मोठा असेल तर रिसीव्हर "मला समजत नाही" म्हणून फ्लॅग, म्हणजे सुईजवळ इशाऱ्याची खूण, टाकतो, वैमानिक विमान वर घेतो, पुन्हा फेरी मारतो. हा चांगला बिघाड, कारण तो कबूल करतो. वाईट बिघाड म्हणजे फ्लॅग न पडता सुई किंचित सरकणं. आम्ही घाबरतो ते त्या दुसऱ्याला.

डोळ्यांवर विसंबून मुंबईत काय होऊ शकतं याचा पुरावा जुहूला आहे. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे घसरत गेलं. १९५३ मध्ये बीओएसीच्या कॉमेटनं तोच पराक्रम केला होता. दोन्ही विमानतळ इतके शेजारी आहेत की वरून चूक होणं अगदी अशक्य नव्हतं. सुया आल्या त्या ह्यासाठी.

बरं, मग फोनचा आणि सुईचा संबंध मी स्वतः कधी पाहिला का? एकदा. आणि तो प्रसंग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण माझं मत त्यावरच उभं आहे.

पावसाळ्याचे दिवस, मोबाइल नवीन नवीन सगळ्यांच्या हातात आले होते. एका विमानाच्या टेक लॉगमध्ये, म्हणजे बिघाडांच्या वहीत, आठवड्यात तिसऱ्यांदा तीच स्नॅग, म्हणजे तीच तक्रार: व्हीओआर-टूची (दुसऱ्या व्हीओआरची) सुई हलते, फ्लॅग येतो-जातो. जमिनीवर तपासलं की ठणठणीत. मग काय, "ग्राउंड चेक्ड, फाउंड सॅटिस्फॅक्टरी" लिहायचं आणि विमान सोडायचं. रिसीव्हर बदलला. पुन्हा स्नॅग. दुसरा रिसीव्हर घातला. पुन्हा. शेवटी एका कॅप्टननं लॉगमध्ये लिहिलं की प्रवाशांच्या मोबाइलचा संशय आहे. झालं, सगळ्यांना हायसं वाटलं. स्नॅग आमच्या गळ्यातून सुटून प्रवाशांच्या गळ्यात पडली. क्रूला तंबी, घोषणा दुप्पट मोठ्या आवाजात. स्नॅग तशीच.

आमचे शिफ्ट इनचार्ज पारशी गृहस्थ होते. ते कागद वाचून एवढंच म्हणाले, "डिकरा, पॅसेंजर रोज नवा, विमान तेच. मग बिघाड कोनाचा?"

रात्री दोनला विमान हँगरमध्ये घेतलं. पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. व्हीओआरचा अँटेना शेपटाच्या टोकाला, तिथून कोॲक्स केबल पुढे येते, आणि त्या विमानात तिचा एक जोड मागच्या गॅलीच्या वरच्या पॅनेलमागे होता. जोड बाहेरून सुरेख दिसत होता. हातात धरून हलवला तर मागची जाळी, म्हणजे केबलच्या आतल्या तारेभोवतीचं तांब्याचं चिलखत, हिरवीगार होऊन भुग्यासारखी गळून पडली. गॅलीतली वाफ, छतावर साचून ठिबकणारं पाणी, आणि आपली खारी हवा. तिघांनी मिळून तो जोड खाल्ला होता. काखेत कळसा आणि आम्ही गावभर प्रवाशांचे खिसे तपासत होतो.

जोड बदलायच्या आधी मला खाज सुटली. रॅम्प टेस्ट सेटनं व्हीओआरचा सिग्नल सोडला, हेडफोन लावून त्याची मोर्समधली ओळख ऐकत बसलो, आणि माझा फोन त्या कुजक्या जोडापासून हातभर अंतरावर, शेवटच्या रांगेतल्या प्रवाशाचं डोकं जिथे येतं साधारण तिथे धरला. सहकाऱ्याला म्हटलं, हँगरच्या लँडलाइनवरून मला फोन कर. फोन वाजायच्या आधीच हेडफोनमध्ये ती टर्र-टर्र, टर्र-टर्र सुरू झाली. जुन्या जीएसएम फोनची ती ओळखीची टर्र तुम्हीही टीव्हीच्या स्पीकरमधून ऐकली असेल; फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटक्याझटक्यानं बोलतो, तोच तो आवाज. सुई थरथरली, आणि फ्लॅग पडला. फोन दूर नेला, सगळं शांत.

मग नवा कनेक्टर क्रिंप केला, बाँडिंग मोजलं, तोच फोन त्याच जागी धरून तोच कॉल केला. काही नाही. अगदी केबलला टेकवला, तरी सुई ढिम्म.

म्हणजे गुन्हेगार कोण? लॉगमध्ये मी "कोॲक्स कनेक्टर करोडेड, रिप्लेस्ड" लिहिलं, आणि ते खरंच होतं. पण फोन निर्दोष सुटला असं मी म्हणणार नाही. दाराची कडी सडली होती म्हणून चोर आत आला. कडी आमची, चोर प्रवाशाचा. त्या दिवशी त्या कंपनीच्या प्रत्येक विमानात तितकेच फोन चालू होते, बाकी विमानांच्या कड्या शाबूत होत्या इतकंच. आणि तुम्ही आज ज्या विमानात बसलात त्याची कुठली कडी आतून सडत आली आहे हे त्या क्षणी कॅप्टनला माहीत नसतं, क्रूला नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नसतं. चार महिने पाऊस आणि बारा महिने समुद्र असलेल्या शहरात तर नसतंच नसतं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात गंज सुट्टी घेत नाही.

फ्लाइट मोडचा हिशेब हा असा आहे. विमानाच्या यंत्रांना एका मर्यादेपर्यंतचा बाहेरचा गोंगाट सोसता येतो, तशी ती बनवलेली आणि तपासलेली असतात. ती सोसण्याची ताकद वीज पडली, शक्तिशाली रडारसमोरून जावं लागलं, किंवा असा एखादा जोड सडला, तर त्यासाठी राखून ठेवायची असते. प्रवाशांच्या खिशांनी ती आधीच खाल्ली तर वेळेला उरेल किती? आणि खिसा एक नसतो. १८० माणसांच्या विमानात हल्ली दोनशेच्या वर फोन निघतील.

फोनच्या ताकदीचीही एक विचित्र गोष्ट आहे. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की फोनवर बोलणारा माणूस "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" करत ओरडायला लागतो. फोन स्वतःही तेच करतो. टॉवर जवळ असेल तर तो पुटपुटतो, टॉवर हरवला की पूर्ण दम लावून ओरडतो. जुना जीएसएम फोन ९०० च्या पट्ट्यात २ वॉटपर्यंत ओरडायचा; आजचा ४जी फोन साधारण ०.२ वॉटच्या पुढे जात नाही. म्हणजे धोका घटला आहे, हे मी मान्य करतो. अंतरही महत्त्वाचं: २० सेंटिमीटरवरून २० मीटरवर गेलं की मोकळ्या जागेत ताकद दहा हजारपट पातळ होते. म्हणून कॉकपिटमधला वैमानिकाचा स्वतःचा फोन हा बाराव्या रांगेतल्या तुमच्या फोनपेक्षा कितीतरी जास्त काळजीचा.

हे नुसतं गणित नाही. ६ जून २००३ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला उतरताना एक छोटं पायपर चीफटन धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकलं. दहापैकी आठ माणसं गेली. तपासात दिसलं की वैमानिकाचा स्वतःचा फोन शेवटची काही मिनिटं जोडलेला होता, आणि त्यानं ग्लाइडस्लोपच्या दाखवण्यात गडबड केली असू शकेल असं अहवालात नोंदवलं गेलं. "असू शकेल" हा शब्द लक्षात घ्या. या विषयात सगळं त्या शब्दावर येऊन अडतं, कारण अपघातानंतर तोच फोन, तीच केबल, तोच कोन पुन्हा मांडता येत नाही. विमान कंपन्यांची संघटना आयाटानं २००३ ते २००९ मधल्या संशयास्पद घटना मोजल्या तेव्हा ७५ निघाल्या. सिद्ध झालेल्या नव्हेत, संशयाच्या.

सिद्ध झालेलं एक मात्र आहे, आणि ते प्रयोगशाळेत झालं म्हणून सिद्ध झालं. बोइंग ७३७ च्या नव्या पिढीतल्या आणि ७७७ मधल्या एका प्रकारच्या कॉकपिट स्क्रीन वायफायच्या चाचणीत काळ्या पडल्या. २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं, एफएएनं, त्या बदलायचा हुकूम काढला. एकट्या अमेरिकेत १,३०० हून अधिक विमानं त्यात होती. ज्या वायफायला आपण घरात निरुपद्रवी समजतो त्यानं हे केलं. हा किस्सा मी फोनला हसणाऱ्या इंजिनिअरांना मुद्दाम सांगतो.

नियम मात्र सैल होत गेले आहेत आणि ते योग्यच आहे. एफएएनं ऑक्टोबर २०१३ च्या शेवटी, आणि आपल्या डीजीसीएनं एप्रिल २०१४ मध्ये, फ्लाइट मोडमधली उपकरणं दारापासून दारापर्यंत वापरायला मुभा दिली. अट एकच, कंपनीनं आपल्या विमानांची सहनशक्ती तपासलेली हवी. विमानातल्या वायफायचं इंटरनेट आपल्याकडे ३,००० मीटरच्या वर मिळतं. लॅपटॉप उतरताना पिशवीत ठेवायला लावतात त्याचा रेडिओशी काही संबंध नाही. धक्का बसला तर तो कुणाच्या तरी कपाळावर जातो, आणि ९० सेकंदांत विमान रिकामं करायचं असतं तेव्हा पायात येतो.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अमेरिकेतली हवेतल्या मोबाइल कॉलवरची १९९१ ची बंदी तिथल्या दळणवळण आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, घातली. विमानासाठी नव्हे, जमिनीवरच्या टॉवरांसाठी. खाली उभ्या माणसाचा फोन दोन-चार टॉवरांना दिसतो. वरून तोच फोन एकाच वेळी अख्ख्या शहराच्या टॉवरांना दिसतो, आणि ताशी शेकडो किलोमीटरनं पळत असतो. नेटवर्कची तारांबळ उडते.

५जीबद्दल विचारणारे बरेच भेटतात, म्हणून तेही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ५जी सुरू होताना एअर इंडियानं १९ तारखेची काही उड्डाणं रद्द केली, त्यात मुंबई–नेवार्क होतं. कारण प्रवाशांचे फोन नव्हते, विमानतळाभोवतालचे टॉवर होते. अमेरिकेनं ५जीसाठी ३७०० ते ३९८० मेगाहर्ट्झ दिला, आणि रेडिओ अल्टिमीटर ४२०० ला सुरू होतो. शेजार फार जवळचा. जुन्या अल्टिमीटरांचे फिल्टर ढिले, त्यांना तेव्हा शेजारी कुणी नव्हतंच. आपल्याकडचा पट्टा ३३०० ते ३६७० आहे, म्हणजे मधे ५३० मेगाहर्ट्झचं मोकळं मैदान. तरीही २०२२ च्या अखेरीस दूरसंचार खात्यानं काही विमानतळांच्या धावपट्टीच्या टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटरपर्यंत असे टॉवर नकोत म्हणून कंपन्यांना कळवलं. दुधानं तोंड पोळलं ते अमेरिकेचं, ताक फुंकलं आपण. पण अल्टिमीटरच्या बाबतीत ताक फुंकून प्यावंच. फेब्रुवारी २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला टर्किश एअरलाइन्सच्या ७३७ चा एक रेडिओ अल्टिमीटर हवेत असतानाच उणे ८ फूट दाखवायला लागला. यंत्रणेला वाटलं विमान टेकतंय, तिनं इंजिनांचा जोर आपणहून काढून घेतला, वैमानिकांच्या लक्षात यायला उशीर झाला, नऊजण गेले. त्यात कुठल्याही फोनचा हात निघाला नाही. पण एक चुकीचा आकडा कुठवर जातो ते कळतं.

खरं सांगू? आज मी नोकरीत असतो तर माझी झोप प्रवाशांच्या फोननं उडाली नसती, जीपीएसनं उडाली असती. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर आहेत. तिथून निघालेला सिग्नल विमानाच्या पाठीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की त्याला आवाज म्हणणंही धाडसाचं. वॉटच्या अपूर्णांकात लिहायचं तर दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं. तो बुडवायला मोठं यंत्र लागत नाही. अमेरिकेत नेवार्क विमानतळाशेजारच्या हायवेवरून जाणारा एक ट्रकचालक, मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये जॅमर, म्हणजे सिग्नल बुडवणारं यंत्र, लावून फिरत होता. विमानतळाची नवी जीपीएस-आधारित उतरण्याची यंत्रणा त्यानं गोंधळात पडली. २०१३ मध्ये त्याला जवळपास ३२,००० डॉलरचा दंड झाला. मालकाला गुंगारा देण्याची किंमत! आपल्याकडे खाजगी माणसानं जॅमर बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि मोबाइलचे बिनपरवाना बूस्टरसुद्धा. तरी आपल्या सोसायटीच्या गच्चीवर कुणीतरी "रेंज येत नाही" म्हणून बूस्टर लावलेला असतोच. विमानतळाच्या परिसरात राहणाऱ्यांनी तरी हा उद्योग करू नये.

जॅमिंगमध्ये सिग्नल बुडतो, स्पूफिंगमध्ये खोटा सिग्नल येतो. पहिल्यात विमान "दिसत नाही" म्हणतं, दुसऱ्यात ठामपणे चुकीची जागा सांगतं. मघाशी म्हटलेला कबूल न करणारा बिघाड, तो हाच. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात आपल्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, असे ४६५ प्रकार नोंदले गेल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला उतरणाऱ्या विमानांना हा त्रास झाला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला राज्यसभेत दिलेल्या उत्तरात इतर काही विमानतळांबरोबर मुंबईचंही नाव आलं. अशा वेळी वैमानिक जीपीएस बाजूला ठेवतो आणि कशाकडे वळतो? जमिनीवरच्या व्हीओआर, डीएमई आणि आयएलएसकडे, म्हणजे लोकलायझर-ग्लाइडस्लोपच्या जोडीकडे. म्हणजे त्याच जुन्या सुया. काही वर्षांपूर्वी "आता जीपीएस आलं, व्हीओआर हवेत कशाला" म्हणणारे हुशार लोक होते. ते हल्ली दिसत नाहीत.

आता तुमच्या शेजाऱ्यांकडे परत येतो. घाटकोपरवर त्यांची टुंग-टुंग सुरू झाली तेव्हा विमान धावपट्टी २७ च्या रेषेवर, तीन अंशांच्या उतारावर, दोन्ही सुया मधोमध ठेवून येत होतं. ढग खाली असते, पाऊस असता, तर साध्या आयएलएसवर वैमानिकाला २०० फुटांपर्यंत सुयांवर विश्वास ठेवून यावं लागलं असतं. ते २०० फूट म्हणजे जवळपास जरीमरीच्या पत्र्यांवर, धावपट्टीच्या टोकापासून किलोमीटरभराच्या आत. तिथे दिवे दिसले तर उतरायचं, नाही तर वर. तिथून चाकं टेकायला सतराएक सेकंद. तुमच्या दिवशी हवा स्वच्छ असेल तर वैमानिकाला धावपट्टी केव्हाचीच दिसत होती, सुई हलली असती तरी त्यानं डोळ्यांनी उतरवलं असतं. शेजाऱ्यांचा फोनही नवा असेल, विमानही. म्हणून काही झालं नाही. त्यांना पुढच्या वेळी हे सगळं सांगत बसू नका. "काका, वर रेंज शोधून शोधून बॅटरी उतरते" एवढंच सांगा. ते खरंही आहे, आणि माझ्या अनुभवात विमानाच्या सुरक्षिततेपेक्षा बॅटरीचं कारण लोकांना लवकर पटतं.

आईंचं श्रवणयंत्र अजिबात बंद करू नका. अमेरिकेच्या मूळ नियमातच श्रवणयंत्र, पेसमेकर आणि आवाज टिपणारं छोटं रेकॉर्डर यांना पहिल्यापासून सूट आहे, आणि चौथं नाव इलेक्ट्रिक शेव्हरचं आहे. ब्लूटूथची ताकद काही मिलिवॉट, ते चालू राहू द्या. ते आईंच्या फोनशी जोडलेलं असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाकून नुसतं ब्लूटूथ पुन्हा चालू करा, दोन्ही एकत्र चालतात. आणि दरवाजे बंद झाल्यावर क्रू सुरक्षेच्या सूचना सांगतात तेव्हा त्यांना त्या ऐकू यायला हव्यात, ते जास्त महत्त्वाचं. जास्तीचे सेल हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.